तुम्ही गेल्यावर क्लबचं काय? नॉन-लीग फुटबॉलच्या धनवान मालकांना खुलं पत्र

नमस्कार मालक मंडळी,

इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमधला एखादा छोटा नॉन-लीग (म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या, 'लीग'च्या, खालचा) फुटबॉल क्लब ज्यांनी विकत घेतलाय किंवा ज्यांचं घ्यायचं मनात चाललंय त्या सगळ्यांना हे पत्र आहे, म्हणजे बांधकामवाले, स्टीलवाले, टेकवाले, सिनेमावाले, रिटायर्ड फुटबॉलर, सगळेच आले. मराठीत लिहितोय कारण इथे राहणारे आणि तिकडे रात्री जागून मॅच बघणारे आपले बरेच लोक हॉलिवूडवाल्यांनी घेतलेल्या रेक्सहॅम क्लबमुळे या खालच्या लीगांकडे वळलेत, आणि त्यांना वाटायला लागलंय की पैसेवाला मालक आला की छोट्या क्लबचं सोनंच होतं. बहुतेक वेळा तसं होत नाही हो. आणि इंग्लिश क्लबचे मालक पुण्यातलेही आहेत, तेव्हा तुमच्यातल्या एखाद्याला हे थेट वाचताही येईल.

सरळ मुद्द्यावर येतो. छोट्या क्लबला मोठ्या मालकाची स्वप्नं पेलतात का, हे प्रमोशनच्या परेडमध्ये कळत नाही. तुम्ही पैसे द्यायचं थांबवाल त्या महिन्यात कळतं. आणि थांबवालच, कारण धंदा बसतो, आजारपण येतं, मुलांना इंटरेस्ट नसतो, वय होतं. त्या महिन्यात क्लब आपल्या कमाईवर पगार करू शकला आणि ग्राउंड क्लबच्याच हातात राहिलं तर पेललं म्हणायचं. नाहीतर नाही.

मी नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये राहतो, आणि या गोष्टीचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच काउंटीत घडलंय. रशडेन अँड डायमंड्स. १९९२ मध्ये मॅक्स ग्रिग्ज यांनी रशडेन टाऊन आणि इर्थलिंगबरो डायमंड्स हे दोन छोटे क्लब एकत्र करून हा क्लब उभा केला. ग्रिग्ज म्हणजे डॉक्टर मार्टेन्स बूट बनवणारं घराणं, या भागातले पिढीजात बूटवाले, बाहेरून आलेले कोणी नव्हेत. इर्थलिंगबरोत नीन नदीच्या काठाला त्यांनी नीन पार्क बांधलं, साडेसहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील एवढं, आणि गावाची वस्ती आठ-नऊ हजार! १९९९ मध्ये एफए कपच्या तिसऱ्या राउंडला लीड्स युनायटेड इथे आले आणि ०-० ने अडकून परत गेले, रीप्लेमध्ये जिंकले ती गोष्ट वेगळी. २००१ मध्ये कॉन्फरन्स (नॉन-लीगची सगळ्यात वरची पायरी, आताची नॅशनल लीग) जिंकून क्लब फुटबॉल लीगमध्ये गेला, २००३ मध्ये थर्ड डिव्हिजनचा (तेव्हाची चौथी पायरी) चॅम्पियन झाला. अकरा वर्षांत कुठून कुठे.

पण त्याच २००३ मध्ये डॉक्टर मार्टेन्स कंपनी बुडायच्या बेतात आली, इथलं उत्पादन बंद करून बूट चीन आणि थायलंडमध्ये बनायला लागले, इकडच्या कारखान्यांतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ज्या तिजोरीवर क्लब चालला होता तीच आटली. २००४ मध्ये क्लब खाली आला. २००५ मध्ये ग्रिग्ज यांनी तो फॅन्सच्या ट्रस्टकडे सोपवला, २००६ मध्ये लीगच्याच बाहेर, आणि २०११ मध्ये पैशांच्या भानगडींमुळे कॉन्फरन्समधून काढून टाकलं आणि क्लब कायमचा बंद झाला. एकोणीस वर्षांत जन्म ते मरण. नंतर केटरिंग टाऊन त्या ग्राउंडवर खेळायला आले तर त्यांनाही तो डोलारा झेपला नाही, २०१२ मध्येच ते तिथून निघाले. २०१७ मध्ये नीन पार्क पाडलं. एके काळी लीड्स जिथे अडकले होते तिथे आता काही उरलं नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ग्रिग्ज हा वाईट माणूस नव्हता. त्याने क्लबला लुबाडलं नाही, उलट ओतलं, आणि जाताना फॅन्सच्या हाती दिला. तरीही क्लब वाचला नाही कारण ग्राउंडचा मेंटेनन्स, स्टाफ, फुलटाइम प्लेयर्स, हा सगळा संसार त्याच्या खिशाच्या मापाने मांडलेला होता, आणि गावाचा खिसा तेवढा कधीच नव्हता. ट्रस्टच्या हाती क्लब आला तेव्हा फॅन्सना मिळालं काय, तर महिन्याच्या महिन्याला दारात उभी राहणारी बिलं. त्याच फॅन्सनी नंतर एएफसी रशडेन अँड डायमंड्स नावाने नवा क्लब काढला आणि युनायटेड काउंटीज लीगपासून, पार तळातून, परत सुरुवात केली.

ग्रेटनाची गोष्ट तर याहून वाईट. स्कॉटलंडच्या अगदी सीमेवरचं तीनेक हजार वस्तीचं गाव, लोक पळून जाऊन लग्न करायला यायचे म्हणून प्रसिद्ध. २००२ पर्यंत हा क्लब इंग्लंडच्या नॉन-लीगमध्ये खेळायचा, मग स्कॉटिश लीगमध्ये जागा मिळाली, आणि ब्रूक्स माइल्सन यांच्या पैशांवर २००५, २००६, २००७ अशी सलग तीन प्रमोशन घेऊन थेट स्कॉटिश प्रीमियर लीगमध्ये. मधल्या वर्षी स्कॉटिश कपची फायनल, हार्ट्सविरुद्ध १-१, पेनल्टीवर हरले, पण युरोपात युएफा कप खेळायला मिळाला. कल्पना करा, तीन हजारांचं गाव!

आणि प्रीमियर लीगमध्ये पोचल्यावर काय झालं माहितेय? गावातलं रेडेल पार्क हे ग्राउंड त्या लीगच्या नियमांत बसेना, म्हणून घरच्या मॅचेस सत्तरेक मैल लांब मदरवेलच्या फर पार्कवर. म्हणजे ज्या गावाचा क्लब त्या गावातच मॅच नाही. शेवटी शेवटी काही मॅचेसना पाचशे माणसंही नव्हती, टॉप डिव्हिजनच्या मॅचला. २००८ च्या सुरुवातीला माइल्सन आजारी पडले, पैसे थांबले, मार्चमध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या देखरेखीखाली) गेला, त्याच उन्हाळ्यात संपला. नोव्हेंबरमध्ये माइल्सनही गेले. एका माणसाची तब्येत बिघडली म्हणून एक क्लब मेला, यापेक्षा जास्त मी काय सांगू. हाही दिलदार माणूस, इतर कितीतरी छोट्या क्लबांना मदत करणारा. म्हणून म्हणतो की तुमचा हेतू चांगला आहे एवढ्याने भागत नाही. वरातीचा खर्च कुणीही हौसेने करतो, संसाराचा कोण करणार ते आधी ठरवावं लागतं.

आता जरा खालच्या पायऱ्यांवर पैसा कुठून येतो ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बॅलन्स शीट बघितलेली असते पण शनिवारची सकाळ बघितलेली नसते. मी ज्या छोट्या क्लबच्या गेटवर हातभार लावतो तिथे तीन-चारशे लोक आले तर आम्ही खूश. तिकीट, बार, चहा-बर्गरची टपरी, हाफटाइमचा रॅफल, पिचच्या भोवतीच्या लोकल दुकानांच्या जाहिरातींच्या पाट्या, झालं. पावसाळी शनिवारी सकाळी रेफरी येतो, गोलपोस्टपुढच्या चिखलात बॉल टाकून बघतो, बॉल उसळतच नाही, थपकन तिथेच बसतो, की मॅच रद्द. टपरीवाल्या बाईंनी बर्गरचे पाव आणलेले असतात, बारसाठी बिअर भरलेली असते, ती मॅच मग कधीतरी मंगळवारी रात्री होते आणि शनिवारच्या निम्मे लोकही येत नाहीत. असे दोन-तीन शनिवार लागोपाठ गेले की खजिनदाराची झोप उडते. हा आहे क्लबचा खरा खिसा. यात तुम्ही येता आणि लीगमध्ये खेळलेले चार प्लेयर आठवड्याला हजार-दीड हजार पौंडांवर आणून ठेवता, तर त्यांचा पगार या गेटवरून निघणार कसा?

आणि परिणाम तुमच्या एकट्याच्या क्लबवर होत नाही. शेजारच्या क्लबचा कॅप्टन, जो दिवसा व्हॅन चालवून संध्याकाळी ट्रेनिंगला येतो, तोही मग जास्त मागतो, आणि ज्या क्लबांना कोणी मालक नाही ते टिकण्यासाठी पदरमोड करायला लागतात. बिलरिकी टाऊन आठवत असेल. ग्लेन टॅम्प्लिन या स्टीलवाल्या मालकाने २०१६ च्या शेवटी क्लब घेतला आणि सातव्या पायरीवर जर्मेन पेनंट, पॉल कॉन्चेस्की, जेमी ओहारा असे प्रीमियर लीग खेळलेले लोक आणले. २०१८ मध्ये लीग जिंकली, २०१९ मध्ये मालक बाहेर, २०२२ मध्ये क्लब परत खाली. मधल्या काळात पेपरात फोटो भरपूर आले.

तुम्ही म्हणाल, रेक्सहॅम बघा की. बघतोच आहे, आणि मनापासून आनंदही होतो. रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी यांनी २०२१ मध्ये क्लब घेतला तेव्हा तो २००८ पासूनच्या नॉन-लीग वनवासात अडकलेला होता. २०२३ मध्ये १११ पॉइंट करून नॅशनल लीग जिंकली, मग २०२४, मग २०२५, सलग तीन प्रमोशन, इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच पायऱ्यांत असं आधी कुणी केलं नव्हतं. पण रेक्सहॅम 'छोटा' क्लब कुठे होता? १८६४ चा क्लब, आजूबाजूचा अख्खा उत्तर वेल्स त्याच्या मागे, जगातलं सगळ्यात जुनं, अजूनही आंतरराष्ट्रीय मॅचेस होणारं ग्राउंड. क्लब जगला तो २०११ पासून फॅन्सच्या ट्रस्टने सांभाळला म्हणून, आणि नव्या मालकांना या म्हणून मत दिलं ते त्याच ट्रस्टच्या सभासदांनी, ९८ टक्क्यांहून जास्त.

आणि पैसा बघा कुठला. २०२३-२४ मध्ये क्लबची उलाढाल २ कोटी ६७ लाख पौंडांची होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेतून आली. म्हणजे डॉक्युमेंटरी सिरीज, मोठमोठे अमेरिकन स्पॉन्सर, तिकडे विकले जाणारे शर्ट. हे मॉडेल तुमच्या गावातल्या क्लबला लावता येणार आहे का? जगाला असा एक क्लब पुरतो, फार तर दोन. रेक्सहॅममधून उचलण्यासारखं मला जे वाटतं ते वेगळंच आहे, २०२२ मध्ये त्यांनी रेसकोर्स ग्राउंडची जमीन विद्यापीठाकडून परत विकत घेतली ते. तिथे आधीच्या एका मालकाच्या काळात क्लबलाच ग्राउंडबाहेर काढायची वेळ आली होती, म्हणून त्या लोकांना जमिनीची किंमत माहितेय.

मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड सिटी क्लबचंही तेच बघा. मँचेस्टर युनायटेडचे जुने प्लेयर गिग्ज, स्कोल्स, बट, दोघे नेव्हिल, मागे सिंगापूरचे पीटर लिम यांचा पैसा, नंतर बेकहॅम. २०१४ मध्ये क्लब घेतला, पाच सीझनमध्ये चार प्रमोशन, २०१९ मध्ये वेम्बलीवर फाइल्डला ३-० हरवून लीगमध्ये. त्यांच्या पगारांवरून ॲक्रिंग्टन या छोट्या लीग क्लबचे मालक अँडी होल्ट यांनी २०१८ मध्ये जाहीर तोफ डागली होती, त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. आणि नंतर? लीग टूमध्ये (चौथ्या पायरीवर) घोडं अडलं ते अडलंच. लिम २०२४ मध्ये बाहेर पडले, मग नवीन भागीदार शोधावे लागले. एवढी नावं, एवढा अनुभव, पण बसने थोडं गेलं की ओल्ड ट्रॅफर्ड आहे, लोक कुठून आणणार?

फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचे डेल व्हिन्स मला त्या मानाने आवडतात. नेल्सवर्थ हे पाच-सहा हजारांचं गाव, फुटबॉल लीगमध्ये क्लब पोचवलेलं आजवरचं सगळ्यात छोटं गाव, २०१० पासून व्हिन्स चिकाटीने टिकून आहेत, व्हीगन जेवण, सोलर, स्वतःची अशी ओळख दिली त्यांनी. २०१७ मध्ये लीगमध्ये, २०२२ मध्ये लीग टू चॅम्पियन, आणि मग २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन वर्षांत धाडधाड परत नॅशनल लीगमध्ये. क्लब उभा आहे कारण मालक उभा आहे. ते एक दिवस नसतील, तेव्हाचं काय, हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा.

हे सगळं परदेशातलं म्हणून आपल्या लोकांनी सोडून देऊ नये. आपल्याकडे तर खाली-वर जोडलेल्या लीगांचा एवढा खोल पिरॅमिडही नाही, त्यामुळे मालक उठला की क्लब दिसेनासाच होतो. महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चे भारताच्या नॅशनल फुटबॉल लीगचे चॅम्पियन, २०१० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुणे एफसी आणि भारत एफसी, दोन्ही २०१५ मध्ये खल्लास, आणि २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी, तोही २०१९ मध्ये गेला. एका शहरात चार वर्षांत तीन क्लब! बालेवाडीला जी पोरं ढोल घेऊन जायची त्यांनी आता कुणासाठी जायचं? गोव्यात डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. फरक एवढाच की डेम्पो, साळगावकर ही नावं तरी गोव्याच्या लीगमध्ये टिकली, कारण तिथे गावोगाव फुटबॉल आहे.

आणि पुण्याच्या वेंकीजवाल्या राव कुटुंबाने २०१० मध्ये घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन. तो नॉन-लीग नाही पण मुद्दा तोच. २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली, २०१७ मध्ये तिसऱ्या पायरीवर. मालकांनी पैसे घातले नाहीत असं नाही, वर्षानुवर्षं घातले. पण २०२३ मध्ये भारतातल्या तपासामुळे इकडे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागायला लागली. लँकशायरमधल्या एका क्लबचं बजेट दिल्लीतल्या तारखेवर! हे त्या गावातल्या कुठल्या फॅनच्या हातात होतं?

न्याय म्हणून हेही सांगतो की मालकाशिवाय सगळं आपोआप छान होतं असं माझं म्हणणं नाही. एएफसी विम्बल्डन २००२ मध्ये नवव्या पायरीवरून फॅन्सनी सुरू केला, २०११ मध्ये लीगमध्ये नेला, २०२० मध्ये प्लाऊ लेनला, विम्बल्डनच्या जुन्या घरी, परत आणला, पण त्यांच्यामागे लंडनमधला मोठा जुना फॅनबेस होता आणि त्यांनीही नऊ वर्षं वाट बघितली. फॅन्सच्या ट्रस्टलाही खजिनदार लागतो, वकील लागतो, आणि आमच्यातही दोन मॅच हरलो की 'पैसे खर्च करा' म्हणून ओरडणारे असतातच. तुमचा पैसा आम्हाला नको आहे असं नाही. तो कशात घालता यावर माझं सगळं म्हणणं आहे.

आमच्याकडे मध्ये एक गृहस्थ आले होते, लॅपटॉपवर प्रेझेंटेशन घेऊन, क्लबहाऊसमध्ये खुर्च्या लावून बसलो होतो सगळे. पाच वर्षांत लीग, नवीन स्टँड, फुलटाइम स्क्वॉड. आमच्या खजिनदार बाईंनी एकच विचारलं, तुम्ही घालणार ते पैसे भेट की कर्ज? ते म्हणाले, कर्ज, पण मी परत मागणार नाही. कागदावर लिहून द्याल का, म्हटल्यावर विषय बदलला. त्यानंतर ते आले नाहीत, आणि मला त्या बाईंचा फार अभिमान वाटतो. कारण मालकाचं कर्ज हेच पुढे ग्राउंड गिळतं. आधी कर्ज चढतं, मग त्याच्या बदल्यात जमीन मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर जाते, मग क्लब स्वतःच्याच ग्राउंडचा भाडेकरू होतो, आणि मग एक दिवस तिथे घरं बांधायचा प्लॅन येतो.

२०१९ मध्ये बरी (Bury) नावाच्या क्लबला लीगमधून काढून टाकलं तेव्हा संसदेपर्यंत हलकल्लोळ झाला, चौकशी झाली, आणि २०२५ मध्ये कायदा होऊन इंडिपेंडंट फुटबॉल रेग्युलेटर आला. पण त्याचा अंमल वरच्या पाच पायऱ्यांवर. नॅशनल लीगची टॉप डिव्हिजन त्यात आली, तिच्या खालच्या नॉर्थ आणि साउथपासून खाली नाही. म्हणजे क्लब जिथे सगळ्यात स्वस्तात मिळतो आणि सगळ्यात नाजूक असतो तिथेच हा पहारेकरी नाही. लीगचे आणि एफएचे नियम आहेत, पण तेवढ्याने भागलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, कायदा सांगत नसला तरी करा. ग्राउंड पहिल्या दिवशी ट्रस्टच्या नावावर करा किंवा ट्रस्टच्या परवानगीशिवाय विकता-गहाण टाकता येणार नाही असं कागदावर बांधून घ्या. पैसे शेअर म्हणून घाला, कर्ज म्हणून नको. प्लेयरला दोन वर्षांचा करार देताय ना, मग त्या दोन वर्षांचा पगार आधी वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर बिचाऱ्याचं घरभाडं थकणार नाही. आणि स्ट्रायकरच्या आधी पिचवर खर्च करा, चांगलं ड्रेनेज किंवा थ्रीजी (कृत्रिम गवताचं) पिच घातलं की मॅचेस रद्द होत नाहीत, आठवडाभर मुलांच्या आणि बायकांच्या टीमना भाड्याने देता येतं, आणि ते उत्पन्न तुम्ही गेल्यावरही येत राहतं. बोर्डावर फॅन्सनी निवडलेला एक तरी माणूस घ्या, खऱ्या मताचा. दरवर्षी हिशोब क्लबहाऊसमध्ये सगळ्यांसमोर मांडा, त्यात तुमचे पैसे वगळून क्लबची कमाई किती आणि खर्च किती हा आकडा वेगळा दाखवा.

ज्यांच्या क्लबमध्ये हा आकडा आज मांडता येत नाही त्यांनी निदान या सीझनचं पगाराचं बजेट ठरवायच्या आधी तो काढावा आणि फॅन्सच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवावा, एवढी विनंती करतो.

तुमचा,
नॉर्थहॅम्प्टनशायरमधला एक मराठी नॉन-लीग फॅन